धुडाचे डोळे

थंडी आली की ती मला आधी मेणावरून कळते. माझ्या कामाच्या टेबलावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या पडलेल्या असतात. एरवी त्या बोटांच्या उबेनंच मऊ होतात. मग एखाद्या सकाळी पट्टी हातात घ्यावी आणि ती बिस्किटासारखी कट्कन तुटावी, की समजायचं, स्वेटर बाहेर काढायला झाले. निफाडला पारा किती उतरला ते वर्तमानपत्रवाले त्यानंतर दोन दिवसांनी छापतात. दातांच्या कवळ्या करणं हा माझा धंदा. द्वारकेच्या चौकापासून पाच मिनिटांवर आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत माझी लॅब. तीस वर्षं मी माणसांचे चेहरे न बघता त्यांचे दात करते आहे. डॉक्टरांकडून तोंडाचा साचा येतो, मी त्यावर कवळी करते, कवळी निघून जाते. पुढे ती लावून कोण हसलं आणि कोणी ऊस खाल्ला, ते मला कधी कळत नाही.

यंदाही मेण तुटलं आणि मी हॉलमधल्या कपाटावरचं धूड पुसायला खाली काढलं. आमच्या भागात थंडी म्हणजे धूळ. चौकातून दिवसभर ट्रक आणि बस जातात आणि त्यांनी उडवलेलं सगळं आमच्या फर्निचरवर येऊन बसतं. धूड म्हणजे रेझिनचं केलेलं एक युद्धयंत्र. हातभर उंच, दोन पायांवर उभं, खांद्यांवर तोफा, पाठीवर धुराडी. छातीत एक इवलीशी खोली, तिला झाकण, आणि आत यंत्र चालवणारा ड्रायव्हर. वर मुखवट्यासारखं डोकं. रंग गंजलेल्या लोखंडाचा. घरी हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. मी 'मुक्ताचं आहे' असं सांगून मोकळी होते. मुक्ता माझी मुलगी, पुण्याला नोकरी करते, तिच्या नावावर काहीही खपतं. पण ते खरं नाही. ते धूड दादाचं आणि माझं आहे. मागची सबंध थंडी आम्ही दोघांनी ते जोडलं आणि रंगवलं. त्याच्या डोक्याला डोळ्यांच्या दोन खोबण्या आहेत आणि त्या रिकाम्या आहेत. त्या रिकाम्या का राहिल्या, याचा मला वर्षभर राग होता.

दादा माझा थोरला भाऊ. पंचवटीत गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात त्यानं सगळं आयुष्य काढलं आणि त्यातली बरीचशी वर्षं एकच काम केलं, डोळ्यांची आखणी. अंगाचा रंग, सोनेरी, पितांबराची किनार ही कामं दहा माणसं करतात. डोळे एकच माणूस आखतो आणि सगळ्यांत शेवटी आखतो. मोठ्या मूर्तीची आखणी असेल त्या दिवशी दादा अंघोळ करून आला की कोणाशी बोलायचा नाही. गालात खडीसाखरेचा एक खडा धरायचा, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायचा आणि श्वास रोखायचा. दोन्ही डोळे झाले की तो खडा दाढेखाली कडकन फोडायचा. तो आवाज आला की कारखान्यातली माणसं समजायची, डोळे झाले. मग सगळ्यांना चहा. लहानपणी मी त्याचा डबा घेऊन जायची तेव्हा दाराशी उभी राहून त्या आवाजाची वाट बघायची. पुढे दातांच्या धंद्यात पडल्यावर मी त्याला हजारदा सांगितलं की असे खडे फोडून दाढेचं वाटोळं होईल. झालंच. तिची कॅप मीच करून दिली. ती बसल्यावर त्यानं दुसऱ्याच दिवशी तिच्यावर खडा फोडून पाहिला. अशा माणसाला काय सांगायचं.

धूड आमच्या घरात यायच्या आधीच्या श्रावणात दादाचा हात थरथरू लागला. एका मंडळाची मोठी मूर्ती होती. पहिला डोळा झाला. दुसऱ्याची वरची रेघ ओढताना कुंचला निसटला आणि रेघ कपाळाकडे गेली. त्यानं पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा तेच. रेश्मा नावाची मुलगी तिथं काम करते, पंचवटीतल्या भाजीबाजारात तिच्या आईचा गाळा आहे. सोनेरी लावायचं काम सोडून ती उठली, दादाच्या कोपराखाली आपला तळहात धरून उभी राहिली आणि मग तो डोळा झाला. पण तोवर गालातला खडा विरघळून गेला होता. त्या दिवशी चहा कोणी मागवलाच नाही. हे सगळं मला वहिनीनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, गोळीनं थोडा आवरेल, पण जाणार नाही. कारखान्याचे मालक भले गृहस्थ. संक्रांतीनंतर कामाला जोर येतो, तोवर सांगा, असं त्यांनी म्हटलं. यंदा डोळे तुम्ही आखणार की रेश्माला देऊ, एवढंच विचारलं आणि विषय बदलला. दिवाळी झाली आणि दादाच्या हाताशी संक्रांतीपर्यंतचे दिवस उरले.

धुडाचं खोकं त्याच दिवाळीत आलं. मुक्ता आणि तिचे मित्र पुण्यात टेबलावर अशी सैन्यं मांडून कसलासा खेळ खेळतात. तिशीला टेकलेली, पगार मिळवणारी माणसं. मी त्यावर पूर्वी बोलत असे, आता बोलत नाही. सुट्टीत जोडायचं म्हणून तिनं ते आणलं आणि ऑफिसातून बोलावणं आल्यावर खोकं तसंच टाकून निघाली. जाताना म्हणाली, आई, तूच कर ना, तुझंच तर काम आहे हे. मला अपमान वाटला. कवळी म्हणजे काय खेळणं आहे? पण ती गेल्यावर झाकण उघडलं आणि माझ्याच लॅबचा वास आला. साच्यातून काढलेल्या रेझिनचा तो थोडा गोड, थोडा घशात बसणारा वास. पिशव्या भरभरून राखाडी तुकडे होते आणि चित्रांचा एक कागद, त्यावर शब्द नावालाही नाहीत. मी एक तुकडा उचलला, कडेला राहिलेला जास्तीचा पापुद्रा नखानं चाचपला आणि कवळ्या घासायचा मायक्रोमोटर चालू केला. तिथं मी अडकले.

दादा दुपारी आला तो हातात हरभऱ्याची गड्डी घेऊन. थंडीत तो कधी रिकाम्या हातानं येत नाही. पेरू, मटार, बोरं, काही ना काही पंचवटीच्या बाजारातून उचलतो. टेबलभर मांडलेले पाय, हात, तोफा त्यानं पाहिल्या आणि चपला न काढता तिथंच बसला.

"बेबी, कशाचा देव आहे हा?"

मी पंचावन्न वर्षांची आहे आणि जगात मला बेबी म्हणणारा आता तो एकटाच आहे. मी म्हटलं, देव कसला, लढाईचं यंत्र आहे, आत माणूस बसतो आणि तो चालवतो. त्यानं तुकड्यांतून तो माणूस शोधून काढला. अंगठ्याच्या पेराएवढा, तोंड मुगाच्या दाण्याएवढं. तळहातावर घेऊन उजेडाकडे धरला.

"मग याचा देव हाच की," दादा म्हणाला.

त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. जेवून, रिक्षा करून, दोनच्या सुमाराला. वहिनीला सांगितलं की बेबीला मदत करायला जातो. खरं काय ते आम्हां तिघांनाही माहीत होतं. घरी बसून हाताकडे बघत राहण्यापेक्षा इथं बरं, आणि हात काय म्हणतो तेही इथं कळलं असतं. धुडाचं डोकं पाहिल्याबरोबर त्यानं खोबण्यांवरून बोट फिरवलं होतं. संक्रांतीच्या आधी याचे डोळे मी आखणार, असं म्हणाला. जमलं तर कारखान्यात जाऊन सांगणार होता की यंदाही मीच. हे त्यानं एकदाच म्हटलं आणि मग आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

आता आठवतात त्या दुपारी, त्यांचा क्रम मात्र आठवत नाही. गॅलरीत ऊन असायचं, आमच्यामध्ये पाण्याचं घमेलं. रेझिनची भुकटी छातीत जाते, म्हणून ते पाण्यात बुडवूनच घासायचं. पॉलिश पेपरानं घासून बोटांची कातडी सुरकुतायची, मधेच हरभऱ्याचे घाटे सोलले की नखं हिरवी व्हायची आणि ती हिरवी बोटं पुन्हा त्या राखाडी पाण्यात. संध्याकाळी सोलाण्याची आमटी. साच्याचं तेल निघावं म्हणून सगळे तुकडे मी भांड्यांच्या साबणानं धुतले आणि सुपात वाळत घातले. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी विचारलं, सांडगे का? एक तोफ वाकडी निघाली. ती गरम पाण्यात टाकून सरळ करायची, असं चित्रात होतं. आयुष्यभर मी प्रत्येक कवळीबरोबर चिठ्ठी पाठवत आले की कवळी गरम पाण्यात टाकू नका, वाकते. त्या दिवशी स्वतःच्या हातानं पातेल्यात तोफ टाकताना कोणी डॉक्टर तर बघत नाही ना, असं मनात आलं. ती मऊ झाली, दादानं ओळंबा बघावा तशी एक डोळा मिटून ती धरली आणि गार पाण्यात सोडली.

मुक्ताचे बाबा सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहेत. बोलण्याची त्यांना फार आवड नाही. धूड आठवडाभर येता-जाता बघून एके दिवशी त्यांनी खिशातून स्टीलच्या सळीचे चार तुकडे काढून टेबलावर ठेवले. सगळं वजन घोट्यावर येतं, नुसत्या गोंदानं उभं राहणार नाही, आतून सळी घाला. एवढं बोलून ते टीव्हीपुढं बसले. आम्ही घोट्याला आणि गुडघ्याला भोकं पाडून सळ्या घातल्या. त्या रविवारी धूड पहिल्यांदा आपल्या पायांवर उभं राहिलं. तिघंही खाली बसून त्याच्याकडे बघत होतो, घरात मूल उभं राहिल्यावर बघतात तसं.

आणि मग मी ती चूक केली. यंत्राच्या अंगावरच्या पत्र्यांवर जागोजाग खड्डे होते. कुठं बारीक भोक, कुठं कड उडालेली, कुठं लांब ओरखडा. मी म्हटलं, काय हे काम, ओतताना सगळीकडे बुडबुडे धरलेत. माझ्या लॅबमधून अशी कवळी बाहेर गेली असती तर डॉक्टरांनी ती परत पाठवली असती. कवळीत टाचणीच्या टोकाएवढा खड्डा राहिला तरी त्यात अन्न अडकतं, जीभ दिवसभर तिथंच जाते. मी चार दिवस बसून सगळे खड्डे भरले. घासले, पुन्हा भरले, पुन्हा घासले, शेवटी बफच्या फिरत्या चाकावर चमकवले. दादानं कौतुक केलं. मला वाटलं, हा माझा हात बघून मुक्तालाही आईची किंमत कळेल. व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक पत्रा तिला दाखवला.

मुक्तानं तोंड फोनजवळ आणून ते पत्रे बघितले. मग हळूच म्हणाली, "आई, ते बुडबुडे नव्हते. गोळ्या लागल्याच्या खुणा होत्या. मुद्दाम केलेल्या."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला काही हसू येईना. चार दिवस मी एका योद्ध्याच्या सगळ्या जखमा लिंपून त्याला नवरदेव केलं होतं. मुक्ता म्हणाली राहू दे, छान दिसतंय, पण आईला बरं वाटावं म्हणून ती बोलते तेव्हा तिचा आवाज कसा होतो ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मी ड्रिल घेतलं आणि माझ्याच हातानं चमकवलेल्या पत्र्यांवर पुन्हा भोकं पाडायला बसले. दादाला म्हटलं, तूही पाड दोन-चार.

"नाही बाई," तो म्हणाला. "चांगल्याला भोक पाडायला माझा हात नाही उठत."

मग तो कारखान्याच्या मागच्या कोपऱ्याबद्दल बोलायला लागला. मूर्तीचा कान दुखावला, बोट उडालं की ती खंडित. ती त्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवतात. दुरुस्त करून देता येते, दिसतही नाही, पण जाणतं गिऱ्हाईक घेत नाही आणि सांगितल्याशिवाय द्यायचं दादाला पटत नाही. इतक्या वर्षांत कितीतरी त्या कोपऱ्यात गेल्या असतील, असं तो म्हणाला. आणि इथं लोक मुद्दाम जखमा करून घेतात, वर त्यांनाच बघत बसतात. तो बोलत होता धुडाबद्दल, पण बघत होता मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताकडे. मी ड्रिल चालूच ठेवलं. ड्रिलच्या आवाजात काही बोलावं लागत नाही.

रंगाला आम्ही मार्गशीर्षाच्या शेवटी लागलो. आधी काळ्या रंगाचा पहिला हात फवारला. मग दादानं सवयीनं पोटाला खालून अशी सावली दिली आणि वरून असा उजेड दिला की धुडाला चक्क तुंदिलतनू रूप आलं, आता सोंड तेवढी लावायची राहिली. ते पुसून पुन्हा काळं केलं. खरी गंमत गंजाची झाली. गंज दाखवायला स्पंजाच्या तुकड्यानं रंग टिपायचा असतो. मी टिपला की ठिपके ओळीनं आणि सारखे पडायचे, दात बसवल्यासारखे. दादानं स्पंज घेतला. त्याचा हात कापत होता आणि प्रत्येक ठिपका वेगळा, वेडावाकडा, खराखुरा गंजासारखा पडत होता. गॅलरीच्या जुन्या ग्रीलशी ताडून बघितलं, फरक नव्हता.

"बघ," तो म्हणाला, "या कामाला हाच हात लागतो."

तो हसत होता म्हणून मीही हसले. मग रंगाचं पाणी बदलायचं निमित्त करून आत गेले आणि नळ सोडून थोडा वेळ उभी राहिले. माझ्या भावाच्या हाताची आख्ख्या पंचवटीत ख्याती होती आणि आता त्याचा उपयोग गंजाला होत होता. मला फार वाईट वाटलं, ते मी त्याला कळू दिलं नाही.

लॅबची तयार कामं पोचवायला मी दुपारी तासभर बाहेर असायची. तेवढा वेळ दादा एकटाच असे. पौष लागला त्या सुमाराला मी परत आले तेव्हा धुडाच्या छातीचं झाकण बसवलेलं होतं. ड्रायव्हर मी रंगवून आत बसवला, असं दादा म्हणाला. झाकण मेणानं लावलंय, सध्या उघडू नको. मला नवल वाटलं नाही, पक्कं करण्याआधी आम्ही प्रत्येक गोष्ट मेणानंच लावून बघत होतो. पुढे ते पक्कं करायचं राहूनच गेलं. त्याच आठवड्यात देवघरातल्या डब्यातली खडीसाखर संपली. आदल्याच आठवड्यात भरलेला डबा. मी मुक्ताच्या बाबांना बोलले, साखर वाढली आहे ना, मग येता-जाता तोंडात टाकता कशाला? ते म्हणाले, मी नाही. मी विश्वास ठेवला नाही.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी दादा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. कोणाशी बोलला नाही. गॅलरीत ऊन स्वच्छ होतं, शेजारच्या गच्चीवर पतंग उडत होते. मुक्ता सणाला आलेली, तीही दाराशी येऊन बसली. दादानं बारीक कुंचला घेतला, पांढऱ्या रंगात टेकवला, करंगळी धुडाच्या गालावर ठेवली. मी त्याच्या हाताकडे बघायचं टाळलं आणि तोंडाकडे बघितलं. गाल फुगलेला नव्हता, त्यात खडा नव्हता. काही क्षण तो तसाच बसला आणि मग त्यानं कुंचला पाण्यात बुडवला.

"मारायला निघालेल्या यंत्राला डोळे देऊ नयेत," तो म्हणाला. "असू दे असंच."

मुक्ताला ते वाक्य इतकं आवडलं की तिनं आपल्या सगळ्या मित्रांना ते कळवलं. मुक्ताच्या बाबांनीही मान हलवली. मला मात्र दादाचा राग आला. मी त्याला ओळखते. त्या कारखान्यातून तलवारी घेतलेल्या, राक्षसावर पाय दिलेल्या किती देवांचे डोळे त्यानं आखले असतील. तेव्हा कुठं गेला होता हा विचार? मला दिसत होतं की तो घाबरला आणि घाबरण्याला त्यानं चांगले कपडे घातले. न जमणं मी समजू शकते. माझ्याही हातून कवळ्या बिघडतात. पण करून बघायच्या आधीच हात मागं घ्यायचा, हे माझ्या दादाचं नव्हतं. संक्रांतीला तो कारखान्यात गेला आणि डोळे रेश्माला द्या म्हणून सांगून आला. मी तिळगूळ दिला, गोड बोललेही, आणि आतून वर्षभर धुमसत राहिले.

यंदाच्या श्रावणात मी कारखान्यात गेले होते. रेश्मा मोठ्या मूर्तीपुढं बसली होती आणि दादा तिच्या शेजारी खालच्या पाटावर. तिच्या गालात खडा होता, त्याच्याही होता. ती म्हणाली, दादा, तुम्ही बघू नका, मला भीती वाटते. मग तो भिंतीकडे तोंड करून बसला. तिचे दोन्ही डोळे झाले, सुरेख झाले. तिनं खडा फोडला. दादानं फोडला नाही. आपला त्यानं बहुधा विरघळू दिला. सगळ्यांबरोबर मीही चहा घेतला आणि मनात म्हटलं, शिकवतोस छान, पण स्वतः एकदा प्रयत्न करायचा होतास.

आणि आता परवाची गोष्ट. मेण तुटलं, मी धूड खाली काढलं, कुंचल्यानं धूळ झटकत छातीपाशी आले, आणि थंडीनं ठिसूळ झालेलं मेण सुटून झाकण माझ्या हातात आलं. आत ड्रायव्हर बसला होता. मी सहज कामाचा भिंगाचा चष्मा लावून बघितलं.

त्याचा डावा डोळा आखलेला होता. वरची पापणी, खालची पापणी, मधे बुबुळ, आणि बुबुळात उजेडाचा पांढरा कण. राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान जागेत हे सगळं होतं, आणि ते दादाचं होतं, हजारांत ओळखू येईल असं. उजवा डोळा नव्हता. तिथून एक काळी रेघ निघून थेट कानापर्यंत गेली होती. मी उजेडाकडे वळवून बघितलं. त्या अर्ध्या चेहऱ्यावर रंगाचा थर चढून चढून गाल सुजल्यासारखा झाला होता. रेघ चुकली की कातडीचा रंग लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा रेघ. थराखाली थराच्या कडा दिसत होत्या. किती वेळा, ते मला मोजता आलं नाही. मग खडीसाखरेचा डबा आठवला. मी तासभर बाहेर जायची, तेव्हा तो इथं एकटा बसून गालात खडा धरायचा. दर वेळी नवा. एकही फोडायची पाळी आली नाही.

म्हणजे तो पळाला नव्हता. मोठ्या खोबण्या सोप्या, म्हणून त्यानं सगळ्यांत अवघड जागी हात घालून पाहिला होता, हाताला पुरतं विचारलं होतं आणि उत्तर मिळाल्यावरच कुंचला ठेवला होता. आणि मी शहाणी, वर्षभर त्याच्यावर रुसले होते. मला रडू आलं. भिंगाच्या चष्म्यात पाणी आलं की सगळं खूप मोठं आणि खूप धूसर दिसतं.

डोळे पुसल्यावर माझ्या हातानं आपणहून कोरणी उचलली. ती रेघ खरवडायला मला एक मिनिट लागलं असतं. सुजलेला गाल घासून सारखा करायला पाच मिनिटं, आणि डावा समोर होताच, त्यावरून उजवा डोळाही मी जमवला असता. माझा हात अजून कापत नाही. कोरणीचं टोक त्या रेघेला टेकलंसुद्धा. मग मला भरून टाकलेल्या त्या गोळ्यांच्या खुणा आठवल्या. मी कोरणी खाली ठेवली, मेण दिव्यावर धरलं आणि झाकण होतं तसं लावलं.

दादा तीन वाजता आला. पिशवीत हरभऱ्याची गड्डी. धूड टेबलावरच होतं आणि झाकणाच्या कडेला ताजं गुलाबी मेण होतं. त्याची नजर नेमकी तिथं गेली.

"निघालं होतं का गं झाकण?"

"निघालं होतं. बसवलं परत."

तो टेबलाशी बसला. गड्डी सोडून घाटे तोडायला लागला. दोन-चार बोटांतून निसटून खाली पडले.

"ड्रायव्हरला मी हात लावला नाही," मी म्हणाले.

त्यानं नुसती मान हलवली. मी आत जाऊन चहा केला आणि बाहेर आणून त्याच्यापुढं ठेवला. बशीत कपाच्या बाजूला खडीसाखरेचा एक खडा ठेवला होता. त्यानं खड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग धुडाच्या छातीकडे. चहावर साय धरली तरी कप तसाच होता. शेवटी त्यानं दोन बोटांत खडा उचलला आणि गालात ठेवला. मी समोर बसून घाटे सोलत होते, पण लक्ष सगळं कानात. लहानपणी डबा घेऊन दाराशी उभी राहायची तशीच वाट बघत होते. चौकातून ट्रक गेले, बस गेल्या. आणि मग तो आवाज आला, कडकन.

कॅप माझ्या हातची होती. टिकली.